पाचवं कार्ड आणि सासऱ्यांच्या फोनातलं सिम

आमच्या घरात एक लाल रंगाची चाकाची बॅग आहे. तिचं एक चाक पहिल्याच प्रवासात बीडच्या बसस्टँडवर निखळलं आणि तिथल्याच एका खड्ड्यात कायमचं स्थायिक झालं. ही बॅग मला फुकट मिळाली, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायचो. ती खरी केवढ्याला पडली, हे आता माझी बायको आल्यागेल्याला चहाबरोबर सांगते.

मी एका कॉलेजात कारकून आहे. एका भर उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात टाय लावलेला माणूस आला. बीडमध्ये मे महिन्यात टाय लावलेला माणूस दिसला, की तो एक तर नवरदेवाचा भाऊ असतो, नाही तर बँकेचा. तो मला म्हणाला, "सर, क्रेडिट कार्डासाठी तुम्ही प्री-अप्रूव्ड आहात." आयुष्यात कुणी माझी परीक्षा न घेता मला पास केलं नव्हतं. मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

शेजारच्या टेबलावरचा मित्र कानाशी आला. "घिऊ नको बे. बेजार व्हशील."

"बॅग देतायत बे," मी म्हणालो.

फॉर्मात एक रकाना होता, जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर. बायकोचा द्यावा तर तिला कळलं असतं. वडलांचा द्यावा तर त्यांना ऐकू कमी येतं, ते उगीच "हो हो" म्हणत बसले असते. म्हणून मी सासऱ्यांचा नंबर दिला. मोठ्या अभिमानाने दिला. सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, माजलगावकडच्या एका खेड्यात राहतात. भारदस्त माणूस. नातेवाईक दाखवायचा तर असा दाखवावा, एवढाच माझा विचार होता. बँक त्या नंबरवर कधी फोनही करू शकते, हा विचार पुढं बँकेनेच मला शिकवला.

आता कार्ड घेतलं तर गपचूप खिशात ठेवावं ना! पण मी ते एका लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, साडूंना दाखवलं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौसाळ्यात हायवेला त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. पांढरे कडक कपडे, मिशीला पीळ, आणि कुठल्याही दुकानात शिरताना ते दुकान आपणच भाड्याने दिल्यासारखी चाल. त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, "पावनं, ह्याच्यावर मोबाइल येतो का?"

"येतो की. बिनव्याजी हप्ते."

"मंग तुमच्या कार्डावर घिऊ. हप्ते मी भरतो. व्याजच न्हाई म्हटल्यावर ती उधारी हाय का?"

आमच्याकडं वस्तू एकाच्या नावावर आणि वापर दुसऱ्याचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जीप एकाची असते, चालवतो दुसरा, परवाना तिसऱ्याचा. त्यामुळं माझं कार्ड बघता बघता भावकीचं झालं. साडूंचा मोबाइल झाला, मावशीचा कूलर झाला, शेजाऱ्यांचा मिक्सर झाला, जयंतीच्या साउंडचा ॲडव्हान्सही त्याच्यावरच गेला. सगळे पहिले दोन हप्ते इमानदारीने आणून द्यायचे. तिसऱ्याला "पुढच्या सोमवारी" म्हणायचे. आणि पाहुण्याला पैसे मागायचे कसे? तुम्ही हप्ता मागायला जाता, तो जेवायला वाढतो. शिकरण खाऊन झाल्यावर माणसाच्या तोंडून मोबाइलचा हप्ता निघत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दुकानात गेलो की मालक ओरडायचा, "ए, कार्डवाल्या साहेबांना खुर्ची दे!" खुर्ची यायची. पाठोपाठ थंड बाटली यायची. कॉलेजात मला प्राचार्य सोडा, शिपाईसुद्धा खुर्ची देत नाही.

बिलावर दोन आकडे असायचे. एक मोठा आणि त्याच्याखाली एक लहान, त्याच्यापुढं 'किमान देय'. मी त्याचा अर्थ असा काढला, की बँक म्हणते आहे, राहू द्या साहेब, या महिन्यात एवढंच द्या. मी बँकेच्या या दिलदारपणाची ऑफिसात तारीफ केली. उरलेल्यावर व्याज चढतं, हे मला मित्रानेच कधीतरी सांगितलं होतं, पण त्याच्याकडं बॅग नव्हती, म्हणून तो जळतो असं मी धरून चाललो. पुढं पहिल्या कार्डाचं भरायला दुसरं घेतलं, दुसऱ्याचं भरायला तिसरं. चौथं कशासाठी घेतलं ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक सवयीनं.

मग माझा फोन दिवसभर वाजायला लागला. मी उचलायचं बंद केलं. आणि मग तो सासऱ्यांकडं वाजला.

एके सकाळी दारात सासरे उभे. पहिल्या एसटीने आलेले, हातात डबा, खांद्याला जुनी चामड्याची बॅग. पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारलं, "पावनं, मुंबईहून एक जण रोज फोन करतो. तुमी सापडत न्हाई म्हणतो. तुमी हरवलेत का?"

बायको आतून आली. ती चौसाळ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. अर्ध्या गावाला तिने सुया टोचलेल्या आहेत, त्यामुळं समोरचा माणूस कुठं दुखतंय ते लपवतोय, हे तिला चेहऱ्यावरून दिसतं. तिने माझ्याकडं पाहिलं, मी बॅगेकडं पाहिलं. पुढच्या अर्ध्या तासात चारही कार्डं गादीवर मांडली गेली.

ती रडली नाही, ओरडली नाही. मला ओरडलेलं चाललं असतं. ती फक्त म्हणाली, "मी रोज जीपमधी चौदा जणांत कोंबून जाते. गाडी घ्या म्हटलं तर तुमी म्हणता, हप्ते झेपत न्हाई. आन् दाजींच्या मोबाइलचे झेपतात?"

मी गादीवरची कार्डं एका रेषेत लावायला लागलो.

सासऱ्यांनी हात पुढं केला. "ते सिम इकडं द्या. माझा नंबर त्यांना म्हाईतच हाय, आता तुमचाबी मीच उचलतो. तुमी नवं घ्या."

निवृत्तीनंतर त्यांना भांडायला माणूस मिळत नव्हता. आता घरबसल्या रोज दहा-बारा मिळायला लागले. दोन सिमांच्या बटणाच्या फोनात माझं सिम घालून ते ओट्यावर बसायचे आणि वसुलीवाल्याचा फोन आला की त्याला तो कुठला, लग्न झालं का, पगार वेळेवर मिळतो का, सगळं विचारायचे. त्यातल्या एकाने पुढं त्यांना बहिणीच्या लग्नाची पत्रिका पाठवली.

मार्ग मात्र बायकोने शोधला. तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी पुण्याच्या एका संस्थेचं नाव सांगितलं. ते लोक कर्जबाजारी माणसाच्या वतीने बँकांशी बोलतात, व्याज कमी करून घेतात आणि सगळ्या कार्डांचा मिळून महिन्याला एकच हप्ता बांधून देतात. बायकोने फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि मला समोर बसवलं. पलीकडं एक मॅडम होत्या, आवाज इतका मऊ की मला आधी वाटलं पुन्हा कार्डच देतायत.

"सर, महिन्याचे खर्च सांगाल का? बाहेरचं खाणंपिणं वगैरे?"

"काही नाही मॅडम. घरचं जेवण."

"रोज दोन वडापाव," बायको म्हणाली.

"सर, काही व्यसन?"

"छे."

"गायछाप लिहा मॅडम. आन् चुना पण लिहा."

"चुना फुकट मिळतो," मी म्हणालो.

मॅडम खोकल्या. ते हसू होतं की काय, देव जाणे. मग त्यांनी अटी सांगितल्या. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. चार वर्षं. कार्डं बंद. नवीन उधारी कुठलीही नाही. एखादा हप्ता चुकला किंवा नवं कर्ज निघालं, तर बँका सवलत काढून घेतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"सर, ही चार कार्डं झाली. आणखी एखादं आहे का? सगळं आम्हाला माहीत असलेलं बरं."

आता इथं थांबून सांगतो. पाचवं होतं. पोस्टाने घरी आलेलं, आजन्म फुकट, एकदाही न वापरलेलं. ते लाल बॅगेच्या अस्तरात होतं. त्यावर एक पैसा देणं नव्हतं, म्हणून ते मोजण्यात येतच नाही, अशी माझी समजूत. खरं कारण वेगळं. ज्याला गावाने कार्डवाला म्हटलं, त्याने एकदम बिनकार्डाचं व्हायचं, हे माझ्याच्याने होईना.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "चारच."

फोन ठेवल्यावर बायकोने अडकित्ता आणला. कात्रीला कार्डं दाद देत नव्हती. सुपारी कातरावी तशी तिने चारही कार्डं कातरली, मी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं आणि मॅडमना पाठवलं. मग ती म्हणाली, "अर्धा हप्ता माझ्या पगारातून जाईल. पन ऐका. वडलांच्या गावच्या उपकेंद्रात जागा रिकामी हाय. बदलीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, तारीख तेवढी टाकायची हाय. अजून एक खोटं निघालं, की तारीख पडली."

तिने अर्ज डाळीच्या डब्याखाली ठेवला. मला दिसेल असा.

पुढचे काही महिने मी आदर्श माणूस होतो. वडापाव सुटला. गायछाप एका पुडीवरून अर्ध्या पुडीवर आली, उरलेली अर्धी मी मित्राच्या पुडीतून भागवायचो. पाच तारखेला हप्ता जायचा. बायको बोलायला लागली, नंतर हसायलाही लागली. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे म्हणण्याइतकी हिंमत मला आली.

आणि मग साडू आले.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. सुपारी फोडायच्या दिवशी, नवरदेवाकडच्या मंडळींसमोर, त्यांनी मिशी पिळत जाहीर केलं होतं की रुखवतात फ्रिज असेल. कुणी मागितला नव्हता. मंडळी नुसती "बरं" म्हणाली. त्या "बरं"नं साडूंना चेव चढला आणि ते म्हणाले, "दोन दाराचा."

"पावनं, येवढं शेवटचं," ते मला कॉलेजच्या फाटकाबाहेर म्हणाले. "माझी इज्जत तुमच्या हातात हाय."

"कार्डं कापली, साडूभाऊ. अडकित्त्यानं."

"सगळी?"

इथं "सगळी" एवढं म्हणायचं होतं. तीन अक्षरं. मी खोकलो. साडूंनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला मोटारी विकल्यात, त्यांना खोकला कळतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बीडच्या मोठ्या दुकानात. मालकाने मला ओळखलं. "अरे, कार्डवाले साहेब! लई दिवसांनी! खुर्ची दे रे!" खुर्ची आली, थंड बाटली आली. मी बाटलीला तोंड लावलं आणि डाळीचा डबा विसरलो. एवढी माझी किंमत.

अस्तरातलं कार्ड मशिनमध्ये घातलं. पिन विचारला. कार्ड कधी वापरलंच नव्हतं, पिन कुठून असणार? मालक म्हणाला, "हरकत न्हाई साहेब, ऑनलाइन करू. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा." त्याने कार्डाचे नंबर टाकले आणि माझ्याकडं बघत बसला. मी मोबाइलकडं बघत बसलो. साडू फ्रिजचं वरचं दार उघडून आत बघत बसले.

मेसेज येईना.

"परत बघा साहेब. गेलाय म्हणतंय."

गेला होता. पण कुठं गेला होता? चार कार्डांवर मॅडमनी माझा नवा नंबर चढवून घेतला होता. पाचवं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्याच्यावर अजून जुनाच नंबर होता. आणि जुनं सिम... माझ्या हातातली बाटली एकदम जास्त थंड लागली.

फोन वाजला. सासरे.

"पावनं, कुठं हाव?"

"कॉलेजात, मामा."

"कॉलेजात फ्रिज मिळायला लागले का?"

मेसेजमध्ये दुकानाचं नाव होतं आणि रक्कम होती. सगळं इंग्रजीत, म्हणून सासऱ्यांनी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. मी म्हणालो, "मामा, त्यात एक सहा आकडी नंबर असेल, तो जरा सांगता का?"

"हाय नंबर. पन वर लिहिलंय, कुणालाबी सांगू नका."

"मला चालतं, मामा. माझंच कार्ड हाय."

"बँक म्हणती कुणालाबी. तुमी कुणीच न्हाई का? आन् कार्डं तर कापली हुती ना? मला शूटिंग दाखवलं हुतं." मग म्हणाले, "संगं कोण हाय?"

साडूंनी फ्रिजचं दार हळूच लावलं आणि दोन्ही हात हलवले. मी नाही, मी इथं नाही. मी सासऱ्यांना "एकटाच हाय" म्हणणार, तेवढ्यात मालक खणखणीत आवाजात बोलला, "चौसाळ्याच्या साहेबांना अजून एक बाटली देऊ का?"

साडूंचे सासरे आणि माझे सासरे एकच, ही गोष्ट त्या दिवशीइतकी मला कधी जाणवली नाही.

"फोन मोठ्या आवाजावर टाका," सासरे म्हणाले. "हं. थोरले पावनं, ऐकू येतं का? बसा. दोघंबी बसा. ह्यो नंबर दहा मिनिटं चालतो म्हणतंय. तवर मी एक सांगतो."

आणि त्यांनी सुरू केलं. कुठल्याशा जुन्या रूटवर त्यांच्या गाडीत दोन पाहुणे चढले होते. तिकीट विचारलं की हा म्हणायचा त्याच्याकडं हाय, तो म्हणायचा ह्याच्याकडं हाय. सासऱ्यांनी दोघांच्या कपड्यांपासून सुरुवात केली. मग गाडीत कोण कोण होतं. एक म्हातारी होती, तिच्या पिशवीत कोंबडी होती. कोंबडीचं तिकीट लागतं की नाही यावर बराच वेळ गेला. मध्येच टक्क, टक्क असा आवाज यायचा. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना चिमटा अजून त्यांच्याकडं आहे, बोलता बोलता ते तो वाजवतात. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आमच्याभोवती जमली. साडू घाम पुसत होते, समोर तीन एसी चालू होते.

"...तर मी गाडी थांबवली. दोघांना खाली उतरवलं. कुठं, तर..."

"साहेब," मालक हळूच म्हणाला, "टाइम संपला. परत पाठवू का?"

"पाठवा की!" फोनातून आवाज आला. "मला अजून लई गोष्टी येतात."

एक गिऱ्हाईक मोठ्यांदा हसलं. साडू उठले आणि चपला घालून सरळ रस्त्यावर गेले. सासऱ्यांचा आवाज मग खाली आला. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"पावनं, ह्ये कार्ड माझ्या पोरीला म्हाईत हाय?"

"न्हाई, मामा."

"मंग घरी जाऊन तुमीच सांगा. मी सांगितलं तर ती तारीख टाकंल." टक्क. "इकडं आली तर मला जड न्हाई. पन ती माहेराला येती तवा हसत येती. अर्ज घिऊन आलेली मला बघायची न्हाई."

बस एवढंच. फोन ठेवला.

घरी जाऊन मी बायकोसमोर कार्ड ठेवलं आणि फ्रिजपासून अस्तरापर्यंत सगळं उलट्या क्रमाने सांगितलं. म्हातारीची कोंबडीसुद्धा सांगितली, जरा वातावरण हलकं होईल म्हणून. झालं नाही. ती उठली. मला वाटलं अडकित्ता. तिने डाळीचा डबा उचलला, अर्ज काढला, त्यावरची डाळ झटकली आणि पेन घेऊन बसली.

"फोन लावा," म्हणाली.

"कुणाला?"

"मॅडमला. मला जे सांगितलं ते त्यांना सांगा. मी ऐकते."

मी सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, त्या कार्डावर बाकी किती?"

"शून्य. व्यवहार झालाच नाही."

"मग सवलतीला धक्का नाही. कार्ड बंद करून टाकू. पण सर, आता सहावं आहे का?"

मी तोंड उघडलं, पण बायकोने हात वर केला. "थांबा मॅडम, ह्यांना नका विचारू." ती उठली, लाल बॅग आणली, उलटी केली, झटकली आणि अडकित्त्याने अस्तर टराटरा फाडलं. त्यातून दोन शाम्पूच्या पुड्या आणि बसचं एक जुनं तिकीट पडलं. "न्हाई मॅडम. पाचच हुती."

"ठीक आहे. पाच तारखेला बोलू," मॅडम म्हणाल्या, आणि आता मात्र त्या हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

बायकोने पेनाला टोपण लावलं. अर्ज फाडला मात्र नाही. परत डब्याखाली ठेवला. अजूनही तिथंच आहे, डाळ काढताना मला दिसतो.

लग्न छान झालं. रुखवतात फ्रिज होता, एका दाराचा. साडूंनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कागदपत्रांवर हप्त्याने घेतला. आपलेही कागद चालतात, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की मंडपात प्रत्येकाला सांगत होते, "माझं प्री-अप्रूव्ड निघालं." त्यांच्याही फॉर्मात नातेवाइकाच्या नंबराचा रकाना होता. तिथं त्यांनी माझा नंबर दिलाय. फोन यायला सुरुवात झाली आहे. मी त्या लोकांना सासऱ्यांचा नंबर देतो.

बायकोने गाडी घेतलेली नाही. चार वर्षं संपल्यावर घेऊ, रोख घेऊ, म्हणते. तोवर ती जीपने जाते, आणि मी सकाळी तिला स्टँडपर्यंत सोडायला जातो, डबा हातात घेऊन, चालत.

पाच तारखेला सकाळी मात्र ती थांबते. फोन येतो.

"भरला का?"

"भरला, मामा."

मग पलीकडून आवाज येतो, टक्क. माझ्या तिकिटाला भोक पडलं.

"वाजला का?" बायको आतून विचारते.

"वाजला."

मग ती चहा ओतते.